ऑस्ट्रेलियांतील आदिवासी मातांचीं पत्रें व सरकारी दफ्तरें

इ. स. १९५८ च्या मध्यास दक्षिण ऑस्ट्रेलियांतील कूरोंग भागांत राहणाऱ्या थोरा नांवाच्या एका बाईनें ॲडलेड येथील सरकारी खात्याच्या अधिकारिणीस एक लहानसें पत्र लिहिलें. कुटुंब न्गारिंजेरी या आदिवासी समाजाचें. तिचा ब्रूस नांवाचा तेरा महिन्यांचा मुलगा मागील नाताळच्या दिवशीं, म्हणजे २५ डिसेंबर १९५७ रोजीं, पोटाच्या विकारानें अत्यवस्थ झाला होता. घरीं चालतें वाहन नव्हतें, म्हणून बापानें शेजाऱ्यांबरोबर त्यास ॲडलेडच्या मुलांच्या रुग्णालयांत पाठविलें. त्या गोष्टीस सहा महिने होऊन गेले होते. मूल कसें आहे व घरीं केव्हां आणतां येईल, एवढेंच बाईनें पत्रांत विचारलें. आणि आपलें एक मूल तेथें आहे याचा आपणांस विसर पडलेला नाहीं, असेंही कळविलें.

खात्याकडून उत्तर आलें. मुलाची प्रकृति सुधारत आहे, परंतु डॉक्टर त्यास अद्यापि घरीं पाठविण्यायोग्य समजत नाहींत, असा त्याचा आशय होता. हें उत्तर खोटें होतें. मूल रुग्णालयांत नव्हतेंच. दाखल झाल्यापासून पुरते दोन आठवडे होण्यापूर्वींच, ६ जानेवारी १९५८ रोजीं, तें एका गोऱ्या कुटुंबाच्या स्वाधीन करण्यांत आलें होतें. आईबापांस विचारलें नव्हतें. न्यायालयाचा हुकूमही घेतला नव्हता. रुग्णालयाच्या टिपणांत मात्र या मुलास आईबाप नाहींत व त्याची हेळसांड झालेली आहे, अशा अर्थाची नोंद होती.

हा विषय आमच्या त्रैमासिकाच्या कक्षेबाहेरचा आहे असें कित्येक वाचकांस वाटेल. सनदा, महजर, निवाडपत्रें यांच्या वाचनांत ज्यांचीं वर्षें गेलीं, त्यांस दूरच्या खंडांतील एका गरीब बाईच्या साठ-सत्तर वर्षांपूर्वींच्या पत्राशीं काय कर्तव्य? परंतु आम्हांस या प्रकरणांत दफ्तरशास्त्राचाच एक मोठा प्रश्न दिसतो. सरकारी दफ्तर हा एका पक्षाचा पुरावा असतो. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें त्यांत सांपडलें तर तें बहुधा अपघातानें. ऑस्ट्रेलियांत ज्या मुलांस आईबापांपासून तोडलें, त्यांस मोठेपणीं आपले आईबाप शोधतांना, ज्यांनीं तोडलें त्यांच्याच दफ्तरांवर विसंबावें लागलें. हा प्रकार कसा घडला व त्यांतून काय निष्पन्न झालें, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम कायद्याची हकीकत थोडक्यांत देतों. व्हिक्टोरिया वसाहतीनें इ. स. १८६९ सालीं आदिवासींच्या संरक्षणाचा म्हणून एक कायदा केला. त्यांतच त्यांच्या मुलांचा ताबा व शिक्षण यांविषयीं नियम करण्याचा अधिकार सरकारनें आपणांकडे घेतला. १८८६ च्या कायद्यानें मिश्र रक्ताच्या लोकांस आदिवासी वसतिस्थानांतून बाहेर काढण्याची तरतूद झाली, व एकाच घरांतील माणसें कायद्याच्या दृष्टीनें दोन जातींचीं ठरलीं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या १९०५ च्या कायद्यानें ‘मुख्य संरक्षक’ हा अधिकारी सोळा वर्षांखालील प्रत्येक आदिवासी व मिश्र मुलाचा कायदेशीर पालक झाला. आईबाप हयात असतां हा पालक! ए. ओ. नेव्हिल या गृहस्थांनीं १९१५ पासून १९४० पर्यंत हा अधिकार चालविला. शेवटच्या कांहीं वर्षांत हुद्द्याचें नांव तेवढें बदललें होतें.

न्यू साउथ वेल्स राज्याची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. तेथील १९०९ च्या कायद्याप्रमाणें मुलाची हेळसांड होते असें मॅजिस्ट्रेटपुढें दाखवावें लागे. संरक्षण मंडळास ही अट जाचक वाटली, व १९१५ सालीं ती काढून टाकण्यांत आली. मुलाच्या नैतिक वा शारीरिक हितासाठीं त्याचा ताबा घेणें इष्ट आहे असें मंडळाचें मत झालें कीं पुरे. आईबापांची तक्रार असेल तर त्यांनीं न्यायालयांत जावें. ज्या आईबापांपाशीं गांवाबाहेर जाण्यास गाडीभाडें नव्हतें, त्यांस ही मुभा! विधिमंडळांत मॅकगॅरी नांवाच्या एका सभासदानें हें मूल चोरणेंच होय असें स्पष्ट बजाविलें, तथापि कायदा संमत झाला. पीटर रीड या इतिहासकारांनीं १९८१ सालच्या आपल्या निबंधास ‘चोरलेल्या पिढ्या’ असें नांव दिलें व तेंच पुढें रूढ झालें; तो शब्द कोणास अतिशयोक्तीचा वाटत असेल, तर ती कल्पना कायदा होत असतांनाच तेथील एका सभासदाच्या तोंडून बाहेर पडली होती हें ध्यानांत ठेवावें.

या मंडळाच्या १९१६ ते १९२८ पर्यंतच्या मुलांच्या नोंदवह्या तेथील राज्याच्या दफ्तरखान्यांत शिल्लक आहेत. छापील रकाने, त्यांत मुलाचें नांव, वय, ठिकाण, ताब्यांत घेण्याचें कारण, पुढें कोठें धाडलें इत्यादि माहिती. मुली बहुधा कूटामंड्रा येथील गृहांत घरकाम शिकावयास जात व तेथून गोऱ्यांच्या घरीं मोलकरीण म्हणून. मुलगे १९२४ पासून किंचेला येथील गृहांत. किंचेला येथें मुलांस नांवाऐवजीं आंकड्यानें हाक मारीत, हें तेथून बाहेर पडलेल्यांनींच पुढें सांगितलें आहे. हें गृह १९७० सालीं व कूटामंड्राचें १९६९ सालीं बंद झालें, म्हणजे आमच्या पिढीच्या बालपणापर्यंत हा क्रम चालू होता.

रकान्यांच्या वहीचा स्वभाव आम्हांस अनुभवानें ठाऊक आहे. आम्हीं तीस-बत्तीस वर्षें मास्तरकी केली. जून महिन्यांत मूल दाखल करण्यास बाप येई. जन्मतारीख विचारली तर ‘मोठा पाऊस झाला त्या सालचा’ असें सांगे. रकाना रिकामा ठेवण्याची सोय नसे; तेव्हां १ जून लिहून आम्ही मोकळे होत असूं. आमच्या हातच्या अशा एक जूनवाल्यांची संख्या थोडी नाहीं, व त्यांपैकीं कित्येकांच्या आधार कार्डावर आज तीच तारीख आहे. आळसानें वा घाईनें लिहिलेला आंकडा माणसास जन्मभर चिकटतो व त्याच्या आईची आठवण खोटी ठरते. आमचा हेतु वाईट नव्हता, एवढेंच आमच्या बाजूनें सांगतां येईल. ऑस्ट्रेलियांतील वह्यांत वयें तर अदमासानें लिहिलेलीं आहेतच; पण पुष्कळ ठिकाणीं मुलांचीं नांवेंही बदललीं गेलीं, आणि कित्येक मुलांस आईबाप मेले किंवा त्यांस तूं नको होतास, असें सांगण्यांत आलें. या दुसऱ्या गोष्टीचें खंडन वहींत कोठून सांपडणार? मूल नेल्याची नोंद वहींत होते. मागाहून आई फाटकापर्यंत येऊन परत गेली, यासाठीं रकाना नसतो.

तें खंडन सांपडतें पत्रव्यवहाराच्या जुडग्यांत. व्हिक्टोरियांतील आदिवासी स्त्रियांनीं १८६७ ते १९२६ या काळांत अधिकाऱ्यांस लिहिलेल्या पत्रांचा एक संग्रह एलिझाबेथ नेल्सन, सँड्रा स्मिथ व पॅट्रिशिया ग्रिमशॉ या विदुषींनीं २००२ सालीं मेलबर्न विद्यापीठातर्फें प्रसिद्ध केला. मिशनच्या शाळांत लिहावयास शिकलेल्या या बायांच्या मागण्या साध्या आहेत. मूल परत द्यावें. भेटीस जाऊं द्यावें. अमक्या ठिकाणीं आपल्या माणसांत राहूं द्यावें. भाषा अदबीची, कारण ज्याच्या हातीं मूल आहे त्याच्याशीं अदबीनेंच बोलावें लागतें. हीं पत्रें कोणी आईच्या कळवळ्यानें जपून ठेवलीं नाहींत. आवक झालेला कागद फाडावयाचा नाहीं, या कारकुनी शिस्तीनें तीं वांचलीं. आम्हीं त्या शिस्तीस पुष्कळदां हंसलों आहों. यापुढें हंसणार नाहीं.

ज्यांस लिहितां येत नव्हतें त्यांनीं अन्य मार्ग धरले. सरकारी माणूस येतांना दिसला कीं मुलांस झाडीत दडवीत. उजळ वर्णाच्या मुलांच्या अंगास कोळसा फासून तीं काळीं दाखवीत, कारण उजळ मुलांवरच डोळा अधिक असे. अशा प्रयत्नांचा कागद उरत नाहीं. तो तोंडीं साक्षींतूनच मिळावयाचा, व कॅनबरा येथील राष्ट्रीय ग्रंथालयानें १९९८ पासून पुढें चार वर्षें तीनशेंहून अधिक लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून तें काम बऱ्याच अंशीं केलें.

आतां कागद असूनही फसवितो कसा, याचें एक उदाहरण. लॉर्ना क्युबिलो व पीटर गनर या दोघांस उत्तर प्रांतांत अनुक्रमें १९४७ व १९५६ सालीं त्यांच्या माणसांतून नेण्यांत आलें होतें. त्यांनीं केंद्र सरकारवर लावलेल्या फिर्यादीचा निकाल फेडरल न्यायालयाचे न्यायमूर्ति ओलॉक्लिन यांनीं ऑगस्ट २००० मध्यें दिला. गनर यांच्या बाबतींत सरकारपक्षानें एक इंग्रजी नमुना पुढें केला. मुलास शिक्षणासाठीं न्यावें अशी आईची विनंति त्यांत लिहिलेली, व खालीं अंगठा. आमच्या वाचकांनीं ‘निशाणी नांगर’, ‘निशाणी तराजू’ अशा शेंकडों निशाण्या पाहिल्या आहेत. निशाणी पाहतांच आपण विचारतों कीं बिकलम कोण, साक्षीदार कोण, आणि मजकूर वाचून दाखविल्याचा दाखला आहे काय. त्या वेळीं आई हयात नव्हती, संबंधित अधिकारीही बहुतेक गेलेले. अंगठा तिचाच काय व मजकुराचा अर्थ तिला समजला होता काय, हें निश्चित सांगतां येत नाहीं, हें न्यायमूर्तींनींही मान्य केलें. तथापि कागदाचें वजन गनर यांच्या विरुद्ध पडलें व फिर्याद फेटाळली गेली. कायद्याच्या दृष्टीनें निकाल बरोबर असेल. तो आमचा प्रांत नव्हे. दफ्तर हाताळणारा या नात्यानें मात्र आम्हांस असें वाटतें कीं, एवढ्या शंका असलेल्या निशाणीवर आमच्या मंडळांतील कोणत्याही संशोधकानें वतनाचा एक बिघाही सिद्ध मानला नसता.

सात वर्षांनीं थोराबाईच्या पत्राचा दिवस आला. ब्रूस ट्रेव्होरो यांनीं दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यावर लावलेल्या दाव्यांत न्यायमूर्ति थॉमस ग्रे यांनीं १ ऑगस्ट २००७ रोजीं निकाल देऊन ५,२५,००० डॉलर नुकसानभरपाई देवविली. अशा प्रकारच्या दाव्यांत न्यायालयांतून भरपाई मिळविणारे ते पहिलेच. निकाल ज्यावर उभा राहिला ती सामग्री बव्हंशीं सरकारच्याच फायलींतून आली. आईचें पत्र तेथें होतें, त्यावरील खोट्या उत्तराची प्रत तेथें होती, आणि न्यायालयाच्या हुकुमावांचून मुलें नेण्याचा मंडळास अधिकार नाहीं असा सरकारी वकिलानें पूर्वींच दिलेला सल्लाही तेथेंच होता. आई मुलास विसरली होती काय, हा प्रश्न त्या एका कागदानें मिटविला. ब्रूस यांस वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास आईकडे परत पाठविलें होतें, पण पूर्वतयारी अशी कांहीं झालीच नव्हती. मुलास आई परकी, आईस मूल परकें, व थोड्याच काळांत तें पुन्हा संस्थांच्या हातीं गेलें. त्यांचें पुढील आयुष्य व्यसन व मनोविकार यांत गेलें. त्यांचे भाऊ टॉम व जॉर्ज आईबापांपाशींच वाढले व न्गारिंजेरी समाजाचे अग्रणी झाले. ही तुलना न्यायमूर्तींपुढेंही होती. निकालानंतर वर्षाच्या आंत, जून २००८ मध्यें, ब्रूस वारले. राज्यानें केलेलें अपील २०१० सालीं फेटाळलें गेलें.

न्यायालयांत जाणारे थोडे. आपलें माणूस शोधणारे पुष्कळ. त्यांच्यासाठीं ‘लिंक-अप’ नांवाची संस्था न्यू साउथ वेल्समध्यें १९८० सालीं निघाली. ती काढणारे दोघे: एक उपर्युक्त पीटर रीड, व दुसऱ्या कोरल एडवर्ड्स, ज्या स्वतः कूटामंड्राच्या गृहांत वाढल्या होत्या. या संस्थेची रीत सांगण्याजोगी आहे. नोंदींतून आईचा वा भावंडांचा ठावठिकाणा लागला कीं पत्ता देऊन मोकळें व्हावयाचें, असें ती करीत नाहीं. फाईल वाचतांना जवळ माणूस बसतो, कारण तींत आईविषयीं काय काय लिहिलेलें असेल याचा नेम नसतो. भेटीपूर्वीं दोन्ही बाजूंशीं बोलणें होतें, भेटीच्या वेळीं सोबत असते, व मागाहूनही चौकशी चालू राहते. आईबापांसही या आधाराची तितकीच गरज. तीस वर्षें ज्या मुलाची वाट पाहिली तें दारांत उभें राहिलें असतां काय बोलावें हें आईस तरी कोठें ठाऊक असतें? पुष्कळदां शोध कबरीपाशीं संपतो. तेव्हांही सोबतीचा माणूस बरोबर जातो. ब्रूस यांस १९६७ च्या सुमारास जें मिळालें नाहीं तें हेंच होय.

वंशावळींची आवड असणाऱ्यांस आणखी एक गोष्ट सांगतों. नॉर्मन टिंडेल व जोसेफ बर्डसेल या दोघा मानववंशशास्त्रज्ञांनीं १९३८-३९ सालीं हार्वर्ड व ॲडलेड या विद्यापीठांच्या मोहिमेंत आदिवासी वसाहती व मिशनें यांतून हिंडून हजारों लोकांचीं मापें घेतलीं, छायाचित्रें काढलीं, केंसांचे नमुने घेतले व वंशावळी लिहून ठेवल्या. रक्तमिश्रणाचें शास्त्र हा हेतु. तें शास्त्र आतां त्याज्य ठरलें आहे. वंशावळींचे कागद मात्र ॲडलेडच्या संग्रहालयांत आहेत, व आजीचें नांव किंवा छायाचित्र पाहण्यासाठीं नातवंडें तेथें अर्ज करितात. आमच्या त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची येथें कोणासही आठवण होईल. फरक इतकाच कीं, त्या वहींत यजमान आपण होऊन नांव लिहवितो.

एका घराची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जावत नाहीं. मार्गारेट टकर या मुलीस १९१७ सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं, मूनाकला येथून तिच्या बहिणीसह नेऊन कूटामंड्रास ठेवलें व पुढें सिडनींत मोलकरीण केलें. तिची आई थेरेसा क्लेमंट्स हिनें आपल्या आठवणींची एक पुस्तिका लिहिली आहे. मार्गारेटबाईंचें आत्मचरित्र १९७७ सालीं निघालें. त्यांत मुलींस नेलें त्या दिवसाचें वर्णन आहे, तें ज्यानें त्यानें मुळांतूनच वाचावें. आणि त्यांची मुलगी मॉली डायर हिनें सुमारें त्याच वेळीं मेलबर्न येथें व्हिक्टोरियांतील आदिवासींची स्वतःची बालसंगोपन संस्था उभारली व आपल्या घरींही कित्येक मुलें सांभाळलीं. तिचेंही आत्मवृत्त तिच्या मरणानंतर २००३ सालीं प्रसिद्ध झालें. आजी, आई, मुलगी, तिघींनींही लिहून ठेवलें आहे. एका बाजूस मंडळाच्या वहींतील नोंद व दुसऱ्या बाजूस हीं तीन पुस्तकें, असा योग क्वचितच येतो. मॉलीबाईंचें म्हणणें असें कीं, मूल संकटांत असेल तर प्रथम त्याच्या आईबापांस हात द्यावा, आणि तें घरांतून काढावेंच लागलें तर नात्यांत ठेवावें, नाहीं तर त्याच्या समाजांत. या तत्त्वास कायद्याचें रूप प्रथम उत्तर प्रांतांत १९८३ सालीं मिळालें, व पुढें सर्व राज्यांनीं तें या ना त्या स्वरूपांत स्वीकारलें.

१९९५ सालीं मानवी हक्क आयोगानें या सर्व प्रकरणाची चौकशी आरंभिली. सर रोनाल्ड विल्सन व मिक डॉडसन यांच्या नेतृत्वाखालीं ५३५ आदिवासींच्या साक्षी झाल्या व अहवाल २६ मे १९९७ रोजीं संसदेपुढें आला. १९१० ते १९७० या काळांत दर तिघांत एक ते दर दहांत एक या मर्यादेंत कोठेंतरी, इतकीं आदिवासी मुलें तोडलीं गेलीं, असा त्यांत अंदाज आहे. अंदाज एवढा सैल कां, याचें कारण पुन्हा दफ्तरच. कित्येक नोंदी ठेवल्या नाहींत व ठेवलेल्यांपैकीं कित्येक नष्ट झाल्या. अहवालाच्या ५४ शिफारशींपैकीं बऱ्याचशा नोंदींविषयींच आहेत: त्या नष्ट करूं नयेत, सूची कराव्यात, ज्याची नोंद त्यास ती पाहण्याचा मार्ग सुलभ करावा. पंतप्रधान केव्हिन रुड यांनीं १३ फेब्रुवारी २००८ रोजीं संसदेंत क्षमा मागितली. मुलें नेलीं जाण्याचें मात्र थांबलेलें नाहीं. अलीकडच्या आंकड्यांप्रमाणें, घराबाहेर सरकारी देखरेखीखालीं असणाऱ्यांत आदिवासी मुलांचें प्रमाण इतर मुलांच्या सुमारें दसपट आहे. १९८३ चें तत्त्व सर्वत्र कायद्यांत आहे. त्याचें पालन किती होतें हें यावरून दिसेल. आजच्या प्रत्येक मुलाचीही फाईल बनत असेल, आणि आजची आईही पत्र लिहीत असेल.

आतां आमच्याच संवयीविषयीं एक शब्द. जुना कागद सांपडला कीं तो छापावा, हा आमचा बाणा. ऑस्ट्रेलियांतील दफ्तरखाने व ग्रंथालयें या कागदांच्या बाबतींत निराळें वागूं लागलीं आहेत. मृतांचीं नांवें वा छायाचित्रें पुढें येतील अशी आगाऊ सूचना त्यांच्या सूचींत असते, कारण अनेक आदिवासी समाजांत मृताचें नांव घेणें वर्ज्य मानतात. आणि कौटुंबिक फाईल प्रथम त्या कुटुंबास, मग इतरांस, असा क्रम ठेवितात. प्रथम हें वाचलें तेव्हां आम्हांस ही संशोधनास अडचण वाटली होती. आतां वाटत नाहीं. आमच्याही रुमालांत बायांचे मुलांविषयींचे अर्ज असतील, व याद्या करतांना आपण ते ‘किरकोळ’ या सदरांत ढकलीत असतों. ज्यांपाशीं असतील त्यांनीं ते निराळे काढून ठेवावे व मंडळास कळवावें. थोराबाईचें पत्र निकालपत्राच्या द्वारें सर्वांस वाचावयास मिळतें, व तें जसेंच्या तसें येथें देणें अवघड नव्हतें. तथापि ज्याच्यासाठीं तें लिहिलें होतें त्यास तें वेळेवर मिळालें नाहीं, हें मनांत येऊन आम्हीं त्याचा आशय तेवढा दिला आहे.